दाब जातो कुठे?

४ आझर, शनिवार

एकतीस वर्षं हमदानच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवलं. त्यात दाब हा धडा माझा खास. वायूचा दाब, द्रवाचा दाब, झोपेतून उठवून विचारलं तरी फळ्याशिवाय शिकवीन. आणि आज सकाळी माझ्याच स्वयंपाकघरातल्या बॉयलरचा दाब उतरला, लाल दिवा लागला, घरातले सातच्या सात रेडिएटर गार पडले आणि मला कारण सांगता येईना. म्हणून ही वही उघडली. निवृत्तीच्या समारंभात शाळेने दिलेली, दोन वर्षं कोरी होती. मलीहे, म्हणजे आमची बायको, तिच्यात लोणच्यांच्या कृती लिहिणार होती. मी वेळेवर पळवली.

निरीक्षण: काटा हवा दीडवर, आहे अर्ध्याच्याही खाली. जमीन सगळीकडे कोरडी. आझर महिना नुकता लागलाय आणि बाहेर उणे चार.

बाबा रजईतून म्हणाले, "हे पत्र्याचे डबे कधी ना कधी दगा देणार, मी सांगितलंच होतं. कुर्सी कधी बंद पडलेली ऐकलीस का रे?" बाबांचं हे मत नि:पक्षपाती धरता येत नाही. साठ वर्षं त्यांनी रजया शिवल्या. चौरंगाखाली निखारे ठेवायचे, वर भली मोठी रजई पसरायची आणि सगळ्या घराने भोवती बसून पाय आत घालायचे, ती कुर्सी. अर्ध्या हमदानच्या कुर्सीवर बाबांची रजई होती. घरोघरी रेडिएटर आले आणि त्यांचं दुकान बसलं. त्यामुळे रेडिएटर बिघडला की चौऱ्याऐंशीव्या वर्षीही त्यांच्या चेहऱ्यावर तेज येतं.

मी दुरुस्ती करणार होतो, पण मलीहेने परस्पर माणसाला फोन केला.

५ आझर, रविवार

जलील नावाचा बॉयलरवाला आला. पन्नाशीचा, मिशीवाला, बोलायला मऊ. बूट काढू नका म्हटलं तरी काढलेच. बॉयलरखालची छोटी तोटी फिरवून पाणी भरलं, काटा दीडवर आणला. मग पितळेची एक चिमुकली चावी काढून प्रत्येक रेडिएटरच्या कोपऱ्यातला स्क्रू सैल केला, फुस्स करून हवा सोडली आणि थेंब आले की घट्ट केला. उन्हाळाभर बंद असलं की हवा साठते म्हणाला. अर्ध्या तासाचं काम. हे मलाही माहीत होतं, फक्त त्या क्षणी आठवलं नव्हतं. बाबा काठी टेकत त्याच्या मागे मागे सातही रेडिएटर फिरले आणि एवढ्याशा स्क्रूने काय होतं, किती फिरवायचा, पाणी किती येतं, सगळं खोदून खोदून विचारत होते. मी शिकवताना वर्गात कुणी इतकं विचारलं नाही.

दारी आलेल्या माणसाला चहाशिवाय पाठवायचं म्हणजे मलीहेला मेल्याहून मेल्यासारखं. तिने पाहुण्यांची खोली उघडली. ही खोली एरवी बंद असते. आत मखमली सोफे आहेत, सोफ्यांवर प्लॅस्टिकची आवरणं आहेत आणि ती निघतात फक्त पाहुण्यासाठी. मलासुद्धा आत मज्जाव आहे. बाबांना तेवढी दुपारच्या नमाजाला परवानगी, कारण तिथे शांत असतं. पण त्यांनी आपल्या गालिच्याच्या तुकड्यावरच राहायचं, सोफ्याला टेकायचं नाही. आज मात्र आवरणं निघाली. डाळिंबं आली, पिस्ते आले आणि ताज्या कमाजचं, म्हणजे आमच्याकडच्या गोड पावांचं, ताट आलं.

बोलता बोलता निघालं की जलीलच्या आईवडिलांच्या लग्नातली रजई बाबांनीच शिवलेली. लाल साटीन, मधोमध डाळिंबाची वेल. बाबांनी टाकेसुद्धा सांगितले. मग काय, दोघे एकमेकांना उस्तादाच्या मानाने 'उस्ता, उस्ता' करत दीड तास बसले. बाबांनी दोन कमाज खाल्ल्या. डॉक्टरांनी गोड साफ बंद केलंय, पण पाहुण्यासमोर मलीहे काय बोलणार? नुसती डोळे वटारत राहिली. बाबा तिच्याकडे बघतच नव्हते.

७ आझर, मंगळवार

फरंगीसचा फोन आला आणि माझी झोप उडाली. ही माझी धाकटी बहीण, बंदर अब्बासला असते, जिथे हिवाळ्यातही लोक पंखे लावतात. गेल्या हिवाळ्यात बाबा न्युमोनियाने अकरा दिवस रुग्णालयात होते, ते ती विसरलेली नाही. मलीहेने तिला भोळेपणाने सांगून टाकलं की बॉयलर बंद पडला होता.

फरंगीस म्हणाली, "दादा, चोवीस तारखेला मी येतेय. घर एकवीस अंशावर असेल तर मी एक शब्द बोलणार नाही. नसेल तर बाबांना घेऊन जाणार, कायमची. तुझं भौतिकशास्त्र तुझ्यापाशी ठेव."

मी होय म्हटलं. दुसरं काय म्हणणार, तिचं खोटं नाही. पण अलवंदचा डोंगर दिसत नाही अशा ठिकाणी बाबा आयुष्यात एकदाच राहिले, मशहदच्या यात्रेला, आणि तिथून परत येईपर्यंत पाण्याच्या चवीची कुरकुर करत होते. त्यांना बंदर अब्बासच्या दमट हवेत नेऊन बसवणं म्हणजे शिक्षा. आणि माझं काय? रोज पहाटे भिंतीपलीकडून त्यांचा खोकला ऐकल्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही. मलीहेलाही नाही, तिच्या पोटात काही राहत नाही. बॉयलर चालू आहे, सतरा दिवस नीट चालला की झालं.

८ आझर, बुधवार

दुपारी चारला काटा शून्याजवळ. लाल दिवा.

जलील आला, पाणी भरलं. मग हवा सोडायला गेला तर त्याची पितळी चावी सापडेना. रविवारी इथेच कुठेतरी राहिली असेल म्हणाला. सगळ्यांनी शोधली, बाबांनीही सोफ्याखाली काठी फिरवून पाहिली. मिळाली नाही. जलीलने पक्कड वापरली. मग खोली उघडली, चहा, कमाज. दोन तास. आजचा विषय कापूस पिंजणे.

११ आझर, शनिवार

पुन्हा चार वाजता. या वेळी मी कुणाला फोन करू दिला नाही. तोटी फिरवली, काटा दीडवर आला, तोटी बंद केली. हात स्वच्छ धुतले. निवृत्त माणूस म्हणजे मोडीत काढलेला माणूस नव्हे, हे मी मलीहेला जरा मोठ्याने सांगितलं.

बाबा नमाज आटपून बाहेर आले आणि म्हणाले, "जलील आला का?" मी म्हटलं, गरज नाही, मीच केलं. त्यांचा चेहरा उतरला. पोटच्या पोराच्या हुशारीवर एवढाही विश्वास नसावा याचं वाईट वाटलं. ते म्हणाले, "नमाजात चूक झाली वाटतं, परत पढून येतो," आणि आत गेले.

पंधरा मिनिटांत काटा शून्यावर. मी वेड्यासारखा बघत राहिलो.

१२ आझर, रविवार

आजचं लिहावंसं वाटत नाही, पण वही प्रामाणिक असली पाहिजे. सकाळी मीच पाणी भरायला घेतलं. तोटी उघडली आणि नेमका शाळेतल्या जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. विषय निघाला द्रवाच्या दाबाचा. अर्ध्या तासाने स्वयंपाकघरातून आवाज आला. काटा तीनच्या पुढे, सुरक्षा नळीतून पाण्याचा फवारा, थेट मलीहेने जेवणासाठी भिजवलेल्या तांदळात. पाणी काळं होतं.

तिने आरडाओरडा केला नाही. पातेलं माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "मास्तर, यापुढे त्या यंत्राला बोट लावलंत तर हेच शिजवून वाढीन."

आता प्रत्येक वेळी जलीलच.

१४ आझर, मंगळवार

चार वाजता दाब गेला. साडेचारला जलील. मी त्याला स्पष्ट सांगितलं, पाणी भरण्यापुरतं नको, मुळापर्यंत जा. त्याने एकेक सांधा कागदाने पुसून पाहिला. सगळं कोरडं. शेवटी पाहुण्यांच्या खोलीत गेला. तिथल्या रेडिएटरशी वाकून स्क्रूवरून बोट फिरवलं. मग शेजारी मलीहेचं रबराचं झाड आहे, त्याच्या कुंडीतली माती बोटाने चाचपली. झाडाशी बॉयलरवाल्याचा काय संबंध ते कळलं नाही. कारागीर माणसांना असल्या लकबी असतात.

त्याने विचारलं, या खोलीत कोण बसतं? मी म्हटलं, कुणीच नाही, बाबा तेवढे नमाज पढतात. जलीलने बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते.

जलील म्हणाला, "मास्तर, तुमचं यंत्र ठणठणीत आहे. घरात माणसाची ये-जा हवी, एवढंच."

म्हणजे नियमित तपासणी हवी. हे मी लिहून ठेवलं. त्यानंतर दोघे दिवेलागणीपर्यंत बसले. बाबांनी जलीलची बोटं हातात घेऊन त्याला सुई कशी धरायची ते दाखवलं. इतकं हसताना मी त्यांना आई गेल्यापासून पाहिलेलं नाही. मी हे सहज नोंदवतोय, दाबाशी त्याचा संबंध नाही.

१५ आझर, बुधवार

आलेख काढला. आडव्या रेषेवर तारखा, उभीवर दाब. निष्कर्ष थक्क करणारे आहेत. पहिली सकाळ सोडली, तर दाब नेहमी दुपारी चारच्या सुमारास उतरतो, रात्री कधीच नाही. दुपारी अलवंदवरून वारा सुटतो. बाहेरचा वायुदाब आणि आतला जलदाब यांचा काहीतरी गूढ संबंध असला पाहिजे. विद्यापीठाला पत्र लिहावं का?

किरकोळ: रबराच्या झाडाची पानं पिवळी पडून गळताहेत. मलीहेचा संशय माझ्यावर. बाबांची साखर वाढली आहे. मलीहेने गोडाच्या फडताळाला कुलूप लावलं, तरी वाढली.

१८ आझर, शनिवार

राहवलं नाही, मलीहेला सांगून टाकलं. सहा दिवस उरले आणि परवाच पुन्हा चार वाजता लाल दिवा लागला होता. स्वयंपाकघरात दार लावून म्हटलं की फरंगीस चोवीसला येतेय आणि घर गार सापडलं तर बाबांना बंदर अब्बासला घेऊन जाणार आहे. कायमची. म्हणताना माझा आवाज चढला असावा. मलीहे भांडी घासायची थांबली. ती मला काहीतरी सांगणार होती असं वाटलं, तोंड उघडलंही, पण मग परत घासायला लागली.

बाहेर आलो तर बाबा दाराशेजारच्या स्टुलावर बसलेले. हातात चहाचा पेला, भरलेला, वाफ विझलेला. त्यांना ऐकू कमी येतं ते एका परीने बरंच आहे. मी विचारलं, चहा गार झाला का? ते म्हणाले, "नाही, चांगला आहे." आणि तो गार चहा घोट घोट प्याले.

२० आझर, सोमवार

दोन दिवस काटा दीडवरून हललेला नाही! परवा संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या होत्या. म्हणजे माझा वाऱ्याचा सिद्धांत खरा. मलीहेला सांगितलं. ती 'हो का' म्हणाली.

बाबांना मात्र चैन नाही. तासातासाला काठी टेकत येतात, काट्याकडे बघतात, जातात.

२१ आझर, मंगळवार

आज एक हृद्य प्रसंग घडला. दुपारी स्वयंपाकघरात गेलो तर बाबा बॉयलरसमोर उभे, हातात किटली. म्हणाले, "कियूमर्स, यात वरून पाणी कुठून ओततात रे?" साठ वर्षं ज्यांनी सुई-कापसापलीकडे काही पाहिलं नाही त्यांना चौऱ्याऐंशीव्या वर्षी विज्ञानाची गोडी लागली. मी त्यांना खुर्ची दिली आणि बंदिस्त पाण्याचं तत्त्व पाऊण तास समजावलं. एवढं लक्ष देऊन ऐकत होते की काय सांगू.

शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे कुणी सोडलं नाही, तर उतरणार नाही ना?"

मी म्हटलं, कोण कशाला सोडेल? ते म्हणाले, काही नाही, आपलं विचारलं.

जलील आज आला नाही. यायचं कारणच नव्हतं. संध्याकाळी बाबा खिडकीशी बसून होते. फाटकाचा आवाज झाला की मान वर करायचे. दूधवाला होता.

२३ आझर, गुरुवार

काहीतरी बिनसलंय. काटा आज सकाळी सव्वावर, दुपारी एकवर. धाडकन नाही, हळूहळू. चार वाजताची वेळही पाळली नाही. माझ्या आलेखात हे कुठेच बसत नाही. मलीहेच्या पाया पडून थोडं पाणी भरू द्यायला लावलं, तीही शेजारी लाटणं घेऊन उभी. दोन तासांत पुन्हा उतार. जलीलचा फोन लागत नाही, तो लालजीनला कुणाच्या तरी कामावर गेलाय.

बाबा नमाजाला गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. डोकावलो तर रेडिएटरपाशी जमिनीवर बसले होते, अंगठा स्क्रूवर दाबून. मी म्हटलं, बाबा, काय करताय? म्हणाले, "शेकतोय."

रेडिएटर गार होता. म्हाताऱ्या माणसाला उलट बोलू नये म्हणून गप्प बसलो. त्यांना उठवून पलंगावर नेलं तर हात बर्फासारखे लागले.

२४ आझर, शुक्रवार

सगळं जसं घडलं तसं लिहितो.

फरंगीस अकराला आली. खांद्याला पिशवी, पिशवीत वाळलेले मासे आणि लिंबं, आणि हातात आपलं स्वतःचं तापमापक. घर एकोणीसवर होतं. मलीहेने तिला बोलू न देता पाहुण्यांच्या खोलीत नेलं, सोफ्याची आवरणं काढली, कमाज पुढे ठेवल्या. फरंगीसने बूट काढले होते. चार पावलं चालली, थांबली, एक पाय वर उचलला. मोजा ओला. गालिचा रेडिएटरपासून सोफ्यापर्यंत भिजून चिंब झाला होता. स्क्रूतून थेंब थेंब पाणी येत होतं. त्याच क्षणी स्वयंपाकघरात बॉयलरने टक्क आवाज केला आणि लाल दिवा लागला.

फरंगीस म्हणाली, "बस्स. वहिनी, बाबांची बॅग भर."

बाबा सोफ्याच्या कडेला उभे होते, बसले नाहीत. मी जलीलला फोन लावला. शुक्रवार, सुट्टीचा दिवस, पण वीस मिनिटांत आला, केस ओले, अंघोळीवरून तसाच. स्क्रू काढून उजेडात धरला. आटे पार झिजलेले होते. वारंवार फिरवला की असं होतं म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर जीभ चावली.

फरंगीस सोडते होय! कुणी बसत नाही त्या खोलीतला स्क्रू झिजतो कसा, असं तिने विचारलं. जलीलने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि मान खाली घालून म्हणाला, माझी चूक, बाईसाहेब. मीच वाकडा बसवला.

तेव्हा बाबा बोलले. "उस्ता, माझ्यापायी आपल्या कामाला बट्टा लावून घेऊ नकोस. स्क्रू मी झिजवला." त्यांनी अंगातल्या कापूस भरलेल्या बंडीच्या खिशात हात घातला आणि पितळी चावी काढली. तिला लाल दोरा बांधला होता, रजईचा, हरवू नये म्हणून.

आणि अशा वेळी माझ्या तोंडून काय निघावं? मी विचारलं, पाणी गेलं कुठे? बाबांनी रबराच्या झाडाकडे बोट दाखवलं. तीन आठवडे मी नोंदी करत होतो, आलेख काढत होतो.

फरंगीसने विचारलं, "पण का, बाबा?"

"यंत्र बिघडलं की उस्ता येतो. उस्ता आला की ही खोली उघडते. चहा येतो, बसायला सोफा येतो. कुणीतरी विचारतं, की उस्ता, एवढ्या रजईला कापूस किती घालायचात? मी घरचाच आहे. घरच्या माणसासाठी कोण खोली उघडतं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं दाराआडून ऐकलं त्या दिवसापासून नाही सोडलं रे. शप्पथ. तो आपोआप गळायला लागला. मी दाबून धरला होता."

काल त्यांचे हात एवढे गार का होते ते मला आत्ता कळलं. मी खाली बघत राहिलो, कारण वर बघितलं असतं तर रडलो असतो.

फरंगीस मात्र उघड रडायला लागली. म्हणाली, चला माझ्याकडे, मी तुम्हाला रोज पाहुण्यासारखं ठेवीन.

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तेच तर, पोरी. तुझ्याकडे मी पाहुणाच असेन. पाहुण्याचं लक्ष सारखं दाराशी काढलेल्या चपलांकडे असतं."

जलील नवा स्क्रू बसवायला लागला. मलीहे उठली, राहिलेल्या सोफ्यांचीही प्लॅस्टिकची आवरणं ओढून काढली, घडी केली आणि बाहेर नेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकली. परत येऊन बाबांच्या दंडाला धरलं, मधल्या मोठ्या सोफ्यावर बसवलं आणि म्हणाली, "पाय वर घ्या. वर घ्या म्हणते ना, गालिचा ओला आहे."

बाबांनी पाय वर घेतले. मखमलीवर. संध्याकाळी सातला घर एकवीसवर होतं. फरंगीसने तापमापक दोनदा झटकून पाहिलं आणि पिशवीत ठेवून दिलं.

२५ आझर, शनिवार

मलीहेला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणाली, झाडाचं पहिलं पान गळलं तेव्हापासून, कुंडीतलं पाणी तांदळातल्या पाण्यासारखंच काळं होतं. मग मला सांगितलं का नाहीस? तर म्हणते, "तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही वारा मोजत होतात. आणि म्हाताऱ्याला इतकं बोलताना मी या घरात पहिल्यांदा ऐकत होते, ते बंद करू होय?"

एकतीस वर्षं पोरांना सांगत आलो, आधी निरीक्षण करा, मग निष्कर्ष काढा. माझे वडील माझ्या डोळ्यांदेखत एका बंद खोलीत उठून जात होते आणि मी काट्याकडे बघत होतो. मला माझीच शरम वाटते. हे वहीत लिहून भागणार नाही म्हणून सकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. शेवटी विचारलं, बाबा, एका रजईला कापूस किती लागतो? त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "कुणासाठी? एकट्यासाठी की कुर्सीसाठी?" मग दोन तास गेले. मला अर्धंसुद्धा समजलं नाही, पण मी उठलो नाही.

२९ आझर, बुधवार

फरंगीस आज परतली. एकटीच. रोज रात्री घराचं तापमान कळवायचं या अटीवर. दारात मला म्हणाली, दादा, खोटं कळवलंस तर मला कळेल, मी जलीलचा नंबर घेतलाय.

३ बहमन, मंगळवार

चाळीस दिवस झाले, काटा दीडवर आहे. आलेख म्हणजे नुसती सरळ रेघ, विद्यापीठाला पाठवण्यासारखं काही उरलं नाही.

जलील दर मंगळवारी येतो, बिघाड नसताना. आल्या आल्या बॉयलरकडे एकदा बघतो, उगाच, मान ठेवायला. आज आपल्या आईची ती लाल रजई घेऊन आला, डाळिंबाची वेलवाली. बाबांनी ती पाहुण्यांच्या खोलीत मधोमध उसवली, जुना कापूस काढला आणि नवा भरायला घेतला. जलील सुईत दोरा ओवून देतो. मखमली सोफ्यांवर, पडद्यांवर, मलीहेच्या भुवयांवर कापूसच कापूस. तिने कपाळावर हात मारला आणि चहा टाकायला गेली. या खोलीला आता आम्ही काय म्हणायचं ते ठरत नाही. परवा मलीहे चुकून 'बाबांची खोली' म्हणाली आणि तेच चाललंय. रबराच्या झाडालाही एक नवं पान आलंय.

एकच गोष्ट मला अस्वस्थ करते आहे. बाबांची साखर दर बुधवारी सकाळी चढलेली असते, मग आठवडाभर उतरत जाते आणि पुढच्या बुधवारी पुन्हा चढते. फडताळाला कुलूप आहे, किल्ली मलीहेच्या कमरेला. नमुना इतका नियमित आहे की योगायोग असूच शकत नाही. मलीहेला दाखवलं तर ती आणि जलील दोघेही दुसरीकडे बघायला लागले.

उद्यापासून आलेख काढतो.